काहीतरी करा हो, डॉक्टर

'अतिदक्षता विभाग' असा शब्द दवाखान्याच्या पाटीवर असतो, पण बोलताना तो कुणाच्या तोंडी नसतो. आपण सगळे आयसीयूच म्हणतो. "त्यांना आयसीयूत हलवलंय" हे वाक्य फोनवर ऐकलं की पोटात गोळा येतो. मंडळी, माझा जन्म १९५० चा. मी जन्मले तेव्हा जगात आज आपण म्हणतो तसा आयसीयू नव्हता, हे मला अगदी अलीकडे कळलं. तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यात लढाया आल्या, तह आले, दोन महायुद्धं आली. दवाखान्याचा इतिहास मात्र अभ्यासक्रमात कधी आला नाही. आता वेळ आहे म्हणून वाचते. अडलं की माझ्या भाचीला फोन करते. ती भूलतज्ज्ञ आहे आणि मावशीच्या शंकांना कंटाळत नाही.

गोष्ट सुरू होते डेन्मार्कमध्ये, कोपनहेगन शहरात, १९५२ च्या उन्हाळ्यात. पोलिओची मोठी साथ आली होती. साथीच्या रोगांसाठी तिथे ब्लेगडॅम नावाचं रुग्णालय होतं आणि प्रमुख होते डॉ. लासेन. काही दिवशी पन्नासपर्यंत नवे रुग्ण दाखल होत. बरेचसे लहान मुलं आणि तरुण. त्यांतल्या काहींचे हातपाय जात, तर काहींचे श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायूच लुळे पडत. अशांसाठी रुग्णालयात होती एक लोखंडी पेटी आणि छातीवर बांधायची सहा यंत्रं. पेटीत रुग्णाचं गळ्याखालचं सगळं शरीर ठेवायचं आणि आतली हवा कमी-जास्त करून छाती फुगवायची. पण गिळता येत नसलेल्या मुलाची लाळ श्वासनलिकेतच उतरायची. पेटी त्याला काय करणार? पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

लासेन यांनी तेव्हा एका भूलतज्ज्ञाला बोलावलं, डॉ. ब्यर्न इब्सेन. भूलतज्ज्ञाचं काम शस्त्रक्रियेच्या खोलीपुरतं, अशीच तेव्हाची समजूत. इब्सेन यांनी मृत मुलांचे शवविच्छेदनाचे अहवाल वाचले आणि त्यांच्या लक्षात आलं, की फुफ्फुसं एवढी काही खराब झालेली नाहीत. मग मुलं जातात कशानं? या रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट खूप वाढलेलं दिसे. डॉक्टर समजत, रोगामुळे रक्तात काहीतरी अल्कधर्मी बिघाड झाला आहे. इब्सेन म्हणाले, नाही, श्वास पुरत नाही म्हणून कार्बन डायऑक्साइड आत साठतो आहे, त्याचा हा परिणाम आहे.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांना बारा वर्षांची एक मुलगी दाखवण्यात आली. चारही हातपाय लुळे, अंगात ताप, शरीर निळं पडलेलं. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली. पण ती तडफडू लागली, श्वासनलिका आवळल्या आणि पिशवी दाबून हवा आत जाईना. बघायला जमलेले डॉक्टर एकेक करून निघून जाऊ लागले. इब्सेन यांनी तिला गुंगीचं औषध दिलं, तिची धडपड थांबली आणि हाताने पिशवी दाबून हवा आत जाऊ लागली. रंग पालटला. नंतर दाखवण्यासाठी तिला पुन्हा छातीच्या यंत्रावर ठेवलं, तर ती परत खालावली. हाताने हवा दिली, पुन्हा सुधारली. ती मुलगी जगली.

आता प्रश्न असा, की एका मुलीला हाताने श्वास देता येईल, सत्तर जणांना कसा देणार? कारण एका वेळी सत्तर रुग्ण अशा अवस्थेत होते. मग वैद्यकीय महाविद्यालयातली मुलं-मुली बोलावली. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, खाटेशेजारी बसून, रबरी पिशवी दाबली. रात्रंदिवस, कित्येक महिने. एकूण तास भरले सुमारे १,६५,०००. माझ्या हाताखालून अकरावीची किती मुलं गेली असतील! अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या हातात कुणाचा तरी श्वास द्यायचा म्हणजे काय, हे मला वाचतानाच समजलं. पिशवी दाबता दाबता ती मुलं रुग्णांशी बोलत, त्यांना पुस्तकं वाचून दाखवत. आणि काही वेळा सगळं नीट करूनही समोरचं मूल जाई.

तरीही, आधी शंभरातले ऐंशीहून अधिक जात होते, ते प्रमाण निम्म्यावर आणि पुढे त्याच्याही खाली आलं. १९५३ च्या डिसेंबरमध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच नगरपालिका रुग्णालयात गंभीर रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला, सतत कुणीतरी खाटेशेजारी असेल असा. बहुतेक इतिहासकार त्यालाच पहिला आयसीयू मानतात. साथीच्या काळातच पॉल आस्ट्रुप यांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड चटकन मोजण्याची पद्धत बसवली. आज आयसीयूत दिवसातून अनेकदा जी रक्ततपासणी होते, तिचं मूळ तिथलं.

इथवर सगळं सरळ आहे. फरक इतका ढळढळीत होता की वाद घालायला जागाच नव्हती. पुढचे प्रश्न तसे नव्हते आणि माझ्या लेखाचा खरा विषय तिथून सुरू होतो.

आयसीयू जगभर पसरले, यंत्रं आली. पण दोन रुग्णांची तुलना कशी करायची? "फार सिरियस आहे" हे काही मोजमाप नव्हे. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोघा डॉक्टरांनी बेशुद्धी मोजण्याची पद्धत सांगितली. डोळे उघडतो का, बोलतो का, हात-पाय हलवतो का, याला गुण द्यायचे. आज डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, असे १५ पैकी देतात. शिक्षिकेला हे आवडणारच! गंमत म्हणजे यात शून्य कुणालाच मिळत नाही, काहीच प्रतिसाद नसला तरी ३ मिळतात. पुढे अमेरिकेत डॉ. क्नाउस आणि सहकाऱ्यांनी नाडी, रक्तदाब, रक्ताच्या तपासण्या, वय, जुने आजार असं सगळं धरून ७१ गुणांची पद्धत बसवली (१९८५). इथे गुण जितके जास्त तितका धोका जास्त. हे गुण एका माणसाचं भविष्य सांगत नाहीत, हे भाची मला दोनदा बजावून म्हणाली. शंभर सारख्या रुग्णांतले साधारण किती वाचतील, एवढंच त्यातून कळतं.

मोजता येऊ लागल्यावर उपचारांची परीक्षा घेता येऊ लागली. रुग्णाला कोणता उपचार मिळणार हे डॉक्टरांनी न ठरवता, जणू चिठ्ठी उचलून ठरवायचं. म्हणजे दोन्ही गट सारखे राहतात. ऐकायला निष्ठुर वाटतं ना? मलाही वाटलं. पण निकाल बघा.

रक्त कमी झालं की रक्त चढवायचं, जितकं जास्त तितकं बरं, असं आपण धरून चालतो. कॅनडात ८३८ रुग्णांवर पाहिलं (१९९९): हिमोग्लोबिन १० च्या खाली गेल्यावर रक्त देणं आणि ७ च्या खाली गेल्यावरच देणं. कमी रक्त मिळालेले रुग्ण मागे पडले नाहीत, थोडे पुढेच राहिले. फुफ्फुसं बिघडलेल्या रुग्णांना व्हेंटिलेटरने मोठे मोठे श्वास देत. अमेरिकेत ८६१ रुग्णांवर पाहिलं (२०००), तर छोटे श्वास दिलेल्या गटात मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. भरभरून दिलेला श्वासच सुजलेल्या फुफ्फुसाला इजा करत होता.

साखरेची गोष्ट तर फारच बोलकी. २००१ मध्ये बेल्जियममधल्या एका रुग्णालयात, मुख्यतः शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर, रक्तातली साखर इन्सुलिनने ८० ते ११० मध्ये घट्ट धरली आणि मृत्यू घटले. जगभर तसं करू लागले. मग मुख्यतः ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा इथल्या ४२ रुग्णालयांनी ६,१०४ रुग्ण घेतले. २००९ मध्ये निकाल आला: साखर घट्ट धरलेल्या गटात शंभरी २७.५ गेले, १८० पर्यंत चालवून घेतलेल्या गटात २४.९. साखर एकदम खाली घसरण्याचे प्रकारही पहिल्या गटात कितीतरी जास्त. हेतू सगळ्यांचा चांगला होता. मोजलं नसतं तर कधी कळलंही नसतं.

हे सगळं मी का लिहिते आहे? आमच्या घरातल्या एका माणसासाठी. त्याला विचारूनच लिहिते आहे. एप्रिल २०२१ मध्ये माझे मोठे दीर कोविडने आयसीयूत होते. डॉक्टरांनी प्लाझ्मा आणायला सांगितलं. माझा पुतण्या दोन दिवस आणि दोन रात्री दाते शोधत, रक्तपेढ्यांच्या दारात उभा होता. प्लाझ्मा मिळाला तो तिसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी दीर गेले. तेव्हापासून तो मनात एकच धरून बसला आहे: "काकू, मी एक दिवस आधी आणला असता तर?"

आपल्याच देशात, आयसीएमआरने, ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची अशीच परीक्षा घेतली होती. निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला. प्लाझ्मा मिळालेल्यांत आजार बळावलेले किंवा दगावलेले १९ टक्के, न मिळालेल्यांत १८ टक्के. ब्रिटनमध्ये अकरा हजारांहून अधिक रुग्णांवर पाहिलं, तिथेही फरक नाही. मे २०२१ मध्ये आपल्याकडच्या उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा वगळला गेला. एका माणसाबद्दल कुणीच शपथेवर सांगू शकत नाही, हे मला कळतं. पण बाळा, तू आणायला उशीर केलास म्हणून तुझे बाबा गेले, असं म्हणायला जगात कुठेही आधार नाही. तुझी धावपळ प्रेमाची होती. ते औषध मात्र औषधच नव्हतं.

याचा अर्थ उपचार करूच नयेत असा कुणी काढू नका. त्याच ब्रिटनच्या अभ्यासात २०२० मध्ये डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टिरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना दिलं, तेव्हा मृत्यू शंभरी ४१ वरून २९ वर आले. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. आणि डोक्याला मार लागलेल्यांना वर्षानुवर्षं एक स्टिरॉइड देत, ते १०,००८ रुग्णांवर तपासलं (२००४) तर मृत्यू वाढलेले निघाले. कोणतं औषध, कुणाला, कधी, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर बसलं की आपल्या तोंडून एकच वाक्य निघतं, "डॉक्टर, काहीतरी करा हो." ते निघणारच, त्यात चूक काही नाही. पण त्याच्या जोडीला आणखी एक विचारायला शिकलं पाहिजे: "याने माणसं वाचतात हे कुठे पाहिलंय का?" आणि डॉक्टर म्हणाले, की आता आणखी काही न करणंच बरं, तर ते हयगय करत आहेत असं लगेच धरू नये. त्या 'न करण्या'मागेही हजारो अनोळखी रुग्णांनी उचललेल्या चिठ्ठ्या असू शकतात.

असो. लेख लांबला. नातेवाइकांनी हा पुतण्याला पाठवायची गरज नाही, त्याने सगळ्यांच्या आधी वाचला आहे. तुमच्यापैकी कुणाला पोलिओच्या साथीचे किंवा जुन्या सरकारी दवाखान्याचे दिवस आठवत असतील तर जरूर लिहा.