पिसवेची साक्ष

आळींत दोनचार उंदीर झिंगत बाहेर येऊन पडले कीं बिऱ्हाड हलवावें, ही गोष्ट प्लेगच्या पहिल्या कांहीं वर्षांतच महाराष्ट्रांतील अक्षरशून्य माणसासही कळून चुकली होती. उंदीर पडूं लागले म्हणजे गांव ओस होई आणि माळावर झोपड्या उठत. परंतु उंदराच्या मरणाचा आणि माणसाच्या जांघेंत किंवा काखेंत येणाऱ्या गांठीचा संबंध कोणता, हें मोठमोठ्या पंडितांनाही सांगतां येत नव्हतें. तो संबंध एका फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं, साथ ऐन भरांत असतां, छापून प्रसिद्ध केला. निबंध खरा होता. तरीही तो विद्वानांच्या गळीं उतरावयास सातआठ वर्षें जावीं लागलीं.

रोगाचा जंतु त्यापूर्वींच सांपडला होता. १८९४ सालीं हाँगकाँगमध्यें साथ पेटली, तेव्हां जपानचे कितासातो आणि पाश्चर इन्स्टिट्यूटचे यर्सिन हे दोघेही जून महिन्यांत तेथें पोंचले, व त्याच वर्षीं दोघांचे निबंध बाहेर आले. यर्सिनांना तोच जंतु मेलेल्या उंदरांतही आढळला. एवढ्यानें चोराचें नांव कळलें. तो घरांत शिरतो कोठून, तें कळलें नाहीं. कोणी म्हणे अनवाणी पायांच्या जखमांतून, कोणी म्हणे अन्नांतून, कोणी म्हणे श्वासांतून. घाण, ओल आणि कोंदट हवा हेंच सर्वांचें मूळ, असें मात्र बहुतेकांच्या मनांत ठसलेलें होतें.

ता. २३ सप्टेंबर १८९६ रोजीं मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं हा रोग ओळखला. पुढें सरकारनें जे उपाय योजिले ते याच ठशांतून निघालेले होते. गटारें धुतलीं, कार्बॉलिक शिंपडलें, भिंतींना चुना फांसला, कौलें काढून घरांत ऊन घेतलें. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला. रोग्याला हुडकून इस्पितळांत आणि त्याच्या घरच्यांना छावणींत नेण्याचें सत्र सुरू झालें. पुण्यांत रँडसाहेबांच्या हुकमतीखालीं हें काम गोऱ्या सोजिरांकडे गेलें, आणि बूट माजघरापर्यंत, देवघरापर्यंत पोंचले. त्याची परिणति २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाली, तें सर्वश्रुत आहे. जुलूम सत्तेचा होता, यांत शंका नाहीं. परंतु ज्या शास्त्राच्या नांवावर तो चालला होता, तेंच लंगडें होतें, हें या प्रकरणाची हकीकत सांगणारे सहसा सांगत नाहींत.

पॉल लुई सिमाँ हे फ्रेंच लष्करांतील डॉक्टर. यर्सिन प्लेगवरील रक्तलस घेऊन १८९७ च्या मार्चमध्यें मुंबईस आले होते. त्यांचें काम पुढें चालविण्यास पाश्चर इन्स्टिट्यूटनें सिमाँ यांना धाडिलें. हा मनुष्य इस्पितळांत बसून राहणारा नव्हता. एका लोकरीच्या कारखान्यांत सकाळीं जमिनीवर पुष्कळ उंदीर मरून पडलेले दिसले. ते उचलण्यास वीस मजूर लाविले, आणि तीन दिवसांत त्यांपैकीं दहांना प्लेग झाला. कारखान्यांतील बाकीचे लोक सुखरूप राहिले. शिळा झालेला मेला उंदीर हाताळणारास मात्र कांहीं होत नसे. मग ताज्या उंदरावर असें काय असतें, कीं जें शिळ्यावर नसतें? कांहीं रोग्यांच्या कातडीवर आरंभीं एक बारीकसा पाण्याचा फोड येई, व त्यांत जंतु सांपडत. हा फोड एखाद्या किड्याच्या दंशासारखा दिसे. निरोगी उंदीर आपलें अंग चाटून, खाजवून स्वच्छ ठेवितो. आजारी उंदराला तें त्राण नसतें, त्यामुळें त्याच्या अंगावर पिसवांचें रान माजतें, आणि प्रेत थंड पडलें कीं त्या पिसवा दुसरें ऊबदार अंग शोधीत बाहेर पडतात.

२ जून १८९८ रोजीं कराचींत त्यांनीं निर्णायक प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणींत वाळूवर एक प्लेग झालेला, पिसवा असलेला उंदीर ठेविला. तो मरणाच्या पंथास लागतांच तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यांत एक निरोगी उंदीर घालून तो वरून लोंबकळत सोडला. दोघांचा स्पर्श होणें शक्य नव्हतें. पिसू मात्र उडी मारून जाळींतून जाऊं शकत होती. थोड्याच दिवसांत वरचा उंदीरही प्लेगनें मेला. पिसवा नसलेल्या आजारी उंदराच्या संगतींत ठेविलेल्या प्राण्यांना कांहींच बाधा झाली नाहीं. ही सर्व हकीकत ऑक्टोबर १८९८ मध्यें पाश्चर इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली.

स्वागत थंडच झालें. फॉर्मोसांत ओगाता यांनीं १८९७ मध्येंच पिसवेवर बोट ठेविलें होतें, त्याचीही तीच गत झाली होती. हिंदुस्थानांत फ्रेझरसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिशन बसलें. त्यानें ढीगभर साक्षी घेतल्या, आणि पिसवेची साक्ष तेवढी बाजूस सारली. गल्ली-व्हालेरिओ यांनीं तर १९०० सालीं सांगून टाकिलें कीं उंदराची पिसू माणसाला चावतच नाहीं. न्यायानें बोलावयाचें तर सिमाँ यांचे प्रयोग थोडे होते आणि इतरांचे फसले होते. खरी गोम निराळीच होती: पिसवांच्या जाती अनेक, आणि युरोपांतील प्रयोगांतली पिसू ती मुंबईच्या उंदराची पिसू नव्हे. या दुसरीचें शास्त्रोक्त वर्णनच मुळीं १९०३ सालीं रॉथ्सचाइल्ड यांनीं सुदानांत सांपडलेल्या नमुन्यांवरून केलें, आणि पिरॅमिड बांधणाऱ्या किऑप्स राजाचें नांव तिला दिलें. एवढ्या क्षुद्र जीवाला एवढें मोठें नांव!

दरम्यान मार्सेय येथें गोत्ये आणि रेबो यांनीं सिमाँ यांचा प्रयोग यशस्वी करून दाखविला. मुंबईंत परळच्या प्रयोगशाळेंतील—तिलाच पुढें १९२५ मध्यें हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव मिळालें—डॉ. ग्लेन लिस्टन यांनीं १९०३ सालीं एका चाळींत उंदीर मेल्यानंतर तेथील माणसांच्या अंगावरील ३० पिसवा पकडल्या. त्यांतील १४ उंदरांच्या निघाल्या. एरवीं माणसाच्या अंगावर ही जात क्वचितच सांपडे. १९०५ मध्यें नवें कमिशन कामास लागलें. परळ येथें मुद्दाम लहान लहान खोल्या बांधून त्यांत उंदीर, गिनीपिग व माकडें ठेवण्यांत आलीं. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यांतील प्राणी प्लेगनें मेला. दोन फुटांवर टांगलेला वांचला, कारण पिसवेची उडी तेथवर पोंचत नाहीं. १९०६ पासून हे अहवाल इंग्लंडांतील आरोग्यशास्त्राच्या नियतकालिकांत छापले जाऊं लागले, आणि वाद मिटला. पिसवेच्या जठराचें तोंड जंतूंनीं बुजतें, म्हणून ती भुकेनें पुनःपुन्हां चावते व प्रत्येक चाव्यासरशीं विष ओकते, ही शेवटची कडी बॅकॉट आणि मार्टिन यांनीं १९१४ मध्यें जोडिली.

त्या मधल्या काळांत प्लेग थांबला नव्हता. १९०७ या एकाच वर्षीं हिंदुस्थानांत १२ लाखांहून अधिक माणसें त्यानें नेलीं. सिमाँ यांना हें पाहावयास येथें राहतां आलें नाहीं. १९०१ पासून ते ब्राझीलमध्यें पीतज्वराच्या संशोधनांत गढले होते, आणि १९४७ मध्यें वारले.

नव्या कमिशनच्या अहवालांत आणखी एक गोष्ट नमूद आहे, आणि पुण्यामुंबईच्या जुन्या घराण्यांनीं ती अवश्य लक्षांत घ्यावी. गांठीचा प्लेग एका माणसापासून दुसऱ्यास सरळ लागत नाहीं. फुप्फुसाचा प्लेग लागतो, परंतु त्याचें प्रमाण थोडें. प्लेगच्या इस्पितळांत रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना, खाटेजवळ रात्ररात्र बसणाऱ्या आईबापांनाही, रोग क्वचितच झाला. १८९७ सालीं ज्या आयांच्या मांडीवरून मुलें उचलून नेलीं, त्यांना भय मुलाचें नव्हतें. तें घराच्या आढ्यावर होतें, आणि तेथें कोणी पाहिलें नाहीं.