बाळाखालचं कापड

आज आम्ही इतिहास सांगायला बसलो आहोत, पण राजांचा नाही आणि लढायांचाही नाही. बाळाच्या खाली जे कापड आपण अंथरतो, त्याचा. हसू नका. हा विषय आमच्या गळ्यात कसा पडला ते आधी ऐका.

मागच्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका ताईंनी आमच्या बचत गटाला 40 कव्हरं शिवायला सांगितली. मोटारीत लहान मुलांना बसवायला वेगळी खुर्ची मिळते, पट्ट्यांची. पोर त्यात शू करतं, ओकतं, बिस्किटाचा चुरा सांडतं. म्हणून त्या खुर्चीवर घालायला धुता येणारी, पाणी न झिरपणारी कव्हरं हवी होती. आमच्यातल्या कुणाकडंच मोटार नाही. पण बाळाखालचं कापड शिवायला आम्हाला कोण शिकवणार? गटाच्या अंतर्गत कर्जातून आम्ही 6 हजारांचं कापड आणलं आणि नमुना शिवला. जुन्या लुगड्यांचे 5 थर, धावदोरा, कडेला लाल काठ. अशी मऊ गादी झाली की अक्कांनी आधी स्वतःच्या नातीला तिच्यावर झोपवून बघितलं.

ही विद्या आपल्याकडं जुनी. बाळ यायच्या आधीच घरातली आजी, आत्या जुनं सुती लुगडं फाडायला घेते. नवं कापड नाही, जुनंच. शंभर वेळा धुतलेलं सूत नव्यापेक्षा मऊ असतं आणि पाणी लवकर शोषतं. त्यातून बाळोती, दुपटी, गोधडी. घटस्थापनेआधी घरातल्या गोधड्या नदीवर नेऊन आपटायच्या हा तर आपला वर्षाचा नेमच. आपलं सगळं शास्त्र एका वाक्यात बसतं: भिजू दे, धुऊन टाकू. पाणी अडवायचं हे आपण फारसं केलंच नाही.

अडवणारं कापड आलं ते मेणकापड. कापडावर मेणाचा किंवा जवसाच्या तेलाचा लेप द्यायचा, वाळवायचा, पुन्हा द्यायचा. पाणी थांबायचं, पण घड्या पडल्या की कापडाला भेगा जायच्या. पुढं 1823 साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंतोश यांनी वेगळी युक्ती केली. कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थ्यात त्यांनी रबर विरघळवलं आणि ते दोन कापडांच्या मध्ये सारवलं. पुरणपोळीसारखं समजा, बाहेर कापड, आत रबर. त्याचे रेनकोट निघाले. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीच्या खाटेवर जी लाल रबरी शीट असते, तिला सिस्टर मॅकिंतोश म्हणतात, ते हेच नाव. आम्ही इतकी वर्षं तो दवाखान्याचा शब्द समजत होतो, निघालं माणसाचं आडनाव!

त्या रबरात एक खोट होती. उन्हात चिकट व्हायचं, थंडीत कडक. 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरना सापडलं की गंधक घालून रबर तापवलं की ते दोन्ही ऋतूंत टिकतं. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक यांनी तशाच पद्धतीचं पेटंट 1843 मध्ये घेतलं. पुढं 1926 साली वाल्डो सेमन या अमेरिकी रसायनतज्ज्ञानं पीव्हीसी मऊ करायची रीत शोधली, आणि प्लास्टिकचे पडदे, टेबलावरची कापडं, रेक्झिन असं सगळं घरात आलं.

आता एका बाईची गोष्ट. ही आमची सगळ्यात आवडती. अमेरिकेतल्या मॅरियन डोनोवन. घरात तान्हं मूल. लंगोट भिजला की अंथरूण भिजायचं, दिवसभर धुणंच धुणं. त्या काळी बाळाला रबरी चड्डी घालत, पण तिच्यात हवा जात नसे आणि पोराची कातडी लाल व्हायची. 1946 साली बाईंनी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा काढला, कापला आणि शिवणयंत्रावर बसल्या. बरेच नमुने फुकट गेले. शेवटी हवाई छत्रीच्या नायलॉन कापडाचं, लंगोटावरून घालायचं आणि धुता येणारं आवरण तयार झालं. सेफ्टी पिनेच्या जागी त्यांनी टिचबटणं लावली, म्हणजे बाळाला टोचायला नको. कारखानदारांकडं गेल्या तर कुणीच हात लावेना. मग त्यांनी स्वतःच बनवून 1949 साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात विकायला ठेवलं. माल धडाधड खपला. 1951 मध्ये पेटंट मिळालं आणि त्यांनी हक्क विकले, 10 लाख डॉलरला. पडदा फाडला म्हणून घरात कुणी बोललं असेल का, असं आमच्यातल्या एकीनं विचारलं.

आता मोटारीतल्या खुर्चीकडं येऊ. 1930च्या दशकात अमेरिकेत पहिल्या खुर्च्या आल्या त्या सुरक्षेसाठी नव्हत्याच. पोरानं गाडीत हुंदडू नये, बाहेरचं दिसावं आणि आईबापांच्या नजरेसमोर राहावं, एवढंच. जाड्याभरड्या कापडाची पिशवी, पुढच्या सीटच्या पाठीला आकड्यांनी लटकवलेली. गाडी आदळली की पिशवी पोरासकट उडायची. 1962 साली अमेरिकेत लेनर्ड रिव्हकिन आणि ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी अपघातात मूल वाचावं म्हणून खुर्च्या तयार केल्या. स्वीडनच्या बर्टिल ऑल्डमन यांची गंमत वेगळी. अंतराळवीर यानात पाठीवर कसे झोपतात हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं. धक्का सगळ्या पाठीवर वाटला गेला तर मान वाचते, हे त्यातून घेऊन त्यांनी 1964 साली मागं तोंड करून बसायची खुर्ची तपासून पाहिली. आजही तान्ह्या बाळाला मागं तोंड करूनच बसवतात.

कायदा आला अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात. तिथल्या रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांनी पाठपुरावा केला आणि 1 जानेवारी 1978 पासून लहान मुलांना खुर्ची सक्तीची झाली. पण त्यात एक पळवाट घातली होती: मोठ्या माणसानं मूल कडेवर, मांडीवर धरलं तर चालेल. मैत्रिणींनो, आपल्यालाही वाटतं ना, आईच्या मिठीपेक्षा सुरक्षित काय असणार? पण धावती गाडी एकदम थांबली की कितीही घट्ट धरलेलं मूल हातातून सुटतं, नाहीतर आईच्याच वजनाखाली चेंगरतं. ती पळवाट 1981 साली काढली. आपल्या देशात 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार गाडीत 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्यासाठीची खुर्ची नसेल तर 1 हजार रुपये दंड आहे. आणि आपल्या जास्त कामाचं हे: मोटारसायकलवर 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा. हा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. आपल्या रस्त्यावर तो पट्टा आम्ही अजून एकदाही पाहिलेला नाही.

तर आमचा नमुना पुण्याला गेला. आठ दिवसांनी त्या ताई स्वतःच खुर्ची घेऊन गावात आल्या. म्हणाल्या, "ताई, काम फार सुंदर झालंय. पण मला हे वापरता येणार नाही, आणि चूक माझीच आहे, मी आधी माहितीपुस्तक वाचलं नाही." अक्कांचा चेहरा उतरला. मग त्यांनी आमच्यासमोर करून दाखवलं. आमचं कव्हर घातलेल्या खुर्चीत अक्कांच्या नातीला बसवलं, पट्टे घट्ट ओढले. नंतर तिला उतरवलं, कव्हर काढलं आणि पट्ट्यांची लांबी न बदलता पुन्हा बसवलं. खांद्यावर पट्टा इतका सैल की आत सहज मूठ जात होती. अपघाताच्या धक्क्यात मऊ थर दबून सपाट होतो आणि तेवढं अंतर पोर पट्ट्यातून पुढं फेकलं जातं. आमच्या मायेचे 5 थर म्हणजे ते अंतर.

खुर्चीच्या माहितीपुस्तकात लिहिलेलंच होतं की खुर्चीबरोबर आलेलंच कव्हर वापरा, खाली वेगळी गादी घालू नका. अशा खुर्च्यांची चाचणी त्यांच्या स्वतःच्या कव्हरासकट झालेली असते. अमेरिकेत ती ताशी 48 किलोमीटर वेगाची टक्कर देऊन करतात, आणि कापड किती लवकर पेट घेतं तेही तपासतात. म्हणजे कव्हर ही नुसती सजावट नाही, त्या यंत्राचाच एक भाग आहे. बरं, मूळ कव्हर निघतं आणि धुताही येतं. काढण्याआधी पट्टे कुठल्या खाचेतून गेलेत त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा, म्हणजे परत घालताना चूक होत नाही. पुस्तकात सांगितलं असेल तसंच, साध्या साबणानं धुवायचं. पट्टे मात्र भिजत टाकायचे नाहीत, ओल्या फडक्यानं पुसायचे. आपल्याला ऊन आणि ब्रशची सवय, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मग त्या 6 हजारांच्या कापडाचं काय? दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. हप्ता तर चुकणार नव्हता. त्या ताईंनी अर्धे पैसे देऊ केले, आम्ही घेतले नाहीत. बरोबर केलं की नाही यावर गटात अजून वाद आहे. तोडगा शेवटी अक्कांनीच काढला. म्हणाल्या, "खाली नको ना? मग वरून घाला की." आधी पट्टे घट्ट लावायचे, मग त्यांच्यावरून दुपटं पांघरायचं. पुण्याच्या ताईंनी पुस्तक उघडून पाहिलं आणि मान हलवली. त्याच कापडाची 22 दुपटी त्यांच्या ओळखीतून गेली. पाणी अडवणारं कापड उरलं होतं, पॉलिस्टरच्या पाठीला पातळ पापुद्रा चिकटवलेलं. त्याच्या बाळोत्याखाली घालायच्या शीट शिवल्या आणि तालुक्याच्या बाजारात 120 रुपयांना एक अशा विकल्या. रबरी शीटसारखा त्यांना वास येत नाही आणि दोरीवर लवकर वाळतात.

4 हजार 300 रुपये परत आले आहेत. उरलेल्या 11 शीट गटाच्या कपाटात आहेत, आणि पुढच्या महिन्यात आमच्याच गटात दोन बाळंतपणं आहेत.