सरकारची सामाईक खरेदी : रायपूरचा अनुभव

राज्याचा इतिहास सांगताना आपण राजे, लढाया आणि तह यांची मोजदाद करतो. परंतु राज्य रोजच्या रोज चालते ते कागद, शाई, कुलपे आणि दप्तरे यांच्या बळावर. या वस्तू कोणी, कोठून आणि कोणत्या भावाने घेतल्या, याचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. सरकारच्या अनेक खात्यांनी मिळून संगणक खरेदी करावे ही कल्पना कशी वाढली, आणि रायपुरात ती कोणत्या कसोटीला लागली, हे त्या उपेक्षित इतिहासातले एक प्रकरण आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

कल्पनेचे मूळ जुने आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थान सरकारला लागणारी बरीच सामग्री लंडनहून खरेदी होई. १९२२ साली भारतीय भांडार खाते स्थापन झाले आणि खरेदीचे सूत्र या देशात आले. स्वातंत्र्यानंतर हे काम पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाकडे गेले. त्याचे मुख्य साधन म्हणजे दरकरार. मध्यवर्ती कार्यालयाने एकदा निविदा मागवून भाव ठरवावा आणि मग कोणत्याही खात्याने त्या भावाने थेट मागणी नोंदवावी, अशी ती साधी युक्ती. लहान कचेरीलाही मोठ्या खात्याचा भाव मिळावा, हा तिचा हेतू.

संगणकाच्या बाबतीत मात्र केवळ भावाचा विचार पुरत नाही. दोन कारखान्यांच्या खुर्च्या एका खोलीत सुखाने नांदतात. दोन कचेऱ्यांच्या संगणकांतील नोंदींचे तसे नाही. त्या एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर दोन्ही यंत्रे उत्तम असूनही कारभार अडतो. १९७६ साली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र स्थापन झाले आणि पुढे त्याने जिल्ह्याजिल्ह्याच्या कचेऱ्या एका जाळ्यात आणल्या, त्यामागे हाच विचार होता. १९९५ साली त्या केंद्राच्या छत्राखाली एक स्वतंत्र कंपनी निघाली. संगणक, सेवा आणि मनुष्यबळ यांचे भाव ठरवून ते सरकारी खात्यांना उपलब्ध करून देणे हे तिचे काम झाले.

आता रायपूरकडे येऊ. १९५६ पर्यंत या भागाचा कारभार नागपूरहून चाले. पुढे तो भोपाळहून चालला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य निर्माण झाले आणि रायपूर राजधानी बनले. नव्या राज्याला सोळा जिल्हे मिळाले. २०२२ पर्यंत ते तेहतीस झाले. प्रत्येक नवा जिल्हा म्हणजे नवी जिल्हाधिकारी कचेरी, नवी कोषागारे आणि नवी यंत्रसामग्री. संगणकाच्या कामासाठी राज्याने ‘चिप्स’ या नावाने ओळखली जाणारी संस्था उभारली. इतर सामग्रीसाठी २००२ चे भांडार खरेदी नियम होते, आणि दरकरार ठरविण्याचे काम राज्य औद्योगिक विकास महामंडळाकडे आले.

सामाईक व्यवस्थेचे फळ २००७ च्या हंगामात दिसले. सहकारी संस्थांच्या धानखरेदी केंद्रांवर संगणक आले आणि साऱ्या राज्यासाठी एकच प्रणाली लागू झाली. दूरच्या खेड्यातला शेतकरी धान मोजून देई, आणि त्याची नोंद व हिशेब रायपुरात बसून पाहता येई. प्रत्येक संस्थेने आपल्या मर्जीने निराळी प्रणाली घेतली असती, तर हा हिशेब कधीच जुळला नसता. सामाईकपणाचा खरा लाभ पैशाच्या बचतीहून मोठा असतो, तो असा.

परंतु याच व्यवस्थेची दुसरी बाजूही रायपुरातच उघड झाली. राज्यातील सर्व खात्यांच्या निविदांसाठी एकच संगणकीय व्यवस्था होती. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा तिच्याविषयीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नोव्हेंबर २०१५ ते मार्च २०१७ या काळात सतरा खात्यांच्या १,९२१ निविदांमध्ये खात्याचे अधिकारी आणि निविदा भरणारे यांनी एकच संगणक वापरल्याच्या खुणा त्यांना आढळल्या. त्या निविदांची किंमत ४,६०१ कोटी रुपये होती. एक यंत्र दोघांनी वापरले, एवढ्यावरून संगनमत सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही मोहोरबंद लिफाफ्यावरचा विश्वास ज्या यंत्राकडे सोपविला, त्याच्यावर पहारा नव्हता, हे त्यातून दिसले. सतरा खात्यांची कुलपे निरनिराळी असती, तर एका किल्लीने सगळी उघडली नसती.

दरम्यान देशाची व्यवस्था पालटली. ९ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्र सरकारची ‘जेम’ ही संगणकीय बाजारपेठ सुरू झाली, आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी पुरवठा महासंचालनालय बंद करण्यात आले. छत्तीसगडने प्रथम ‘जेम’ स्वीकारले, मग सरकार बदलल्यावर ते दूर सारून महामंडळाचे दरकरार पुन्हा आणले, आणि जुलै २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ते दरकरार रद्द करून पुन्हा ‘जेम’कडे जाण्याचा निर्णय घेतला. या हेलकाव्यांत दोन रास्त अपेक्षा परस्परांना भिडतात. आपल्या राज्याच्या पैशाने आपल्या राज्यातला उद्योग जगावा, असे स्थानिक व्यापाऱ्याला वाटते. बाजार जितका विस्तृत तितका भाव उघड आणि निवड मोकळी, असे हिशेब तपासणारा म्हणतो.

या पंचवीस वर्षांच्या इतिहासाचे सार एवढेच की, खरेदी एकत्र केली म्हणजे शक्ती एकवटते, पण चूकही एकवटते. पूर्वी एका कचेरीतला दोष त्या कचेरीपुरता राही. आता तो एका क्षणात साऱ्या राज्याचा होतो. म्हणून ज्या प्रमाणात खरेदी एका हाती येते, त्याच प्रमाणात तिची तपासणी अनेक हातांत राहिली पाहिजे. महामंडळ असो की ‘जेम’, खरेदीचा दरवाजा कोणताही असो; त्यातून जाणारा पैसा धान विकून कर भरणाऱ्या माणसाचा आहे. त्याला त्याचा हिशेब मागता येतो की नाही, यावरच प्रत्येक व्यवस्थेची पारख व्हावयाची आहे.