काळी, पांढरी आणि आपण पांढरपेशे

आमच्या धंद्यात पांढरा रंग म्हणजे 255, 255, 255. लाल, हिरवा, निळा तिन्ही पूर्ण उघडले की झाला पांढरा. एरवी पांढरा म्हणजे काहीच नसणं. कोरा कागद, रिकामी स्क्रीन वगैरे. मराठीत मात्र ह्या शब्दाचा एक अर्थ बरोब्बर उलटा आहे, आणि तो बघायला आमच्या नगर जिल्ह्यासारखी जागा नाही. (2024 पासून अधिकृत नाव अहिल्यानगर, पण तोंडातून अजून नगरच निघतं.)

आधी शब्दाचं मूळ. हिंदीने ह्या रंगासाठी फारसीतला सफेद घेतला, गुजरातीने संस्कृत धवलचा धोळो केला. धवल आपल्याकडेही आला, पण ढवळा होऊन बैलाच्या अंगावर जाऊन बसला. रोजच्या वापराला मराठीने धरला तो संस्कृतातला पांडर किंवा पांडुर. गंमत म्हणजे हा दुधासारखा पांढरा नव्हेच. हा फिकट, जरासा पिवळट, निस्तेज रंग. महाभारतातला पांडू आठवा, किंवा आयुर्वेदातला पांडुरोग.

आता ह्या रंगाची माती बघू. जुन्या मराठी गावाचे दोन भाग असायचे, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, आजच्या सातबाऱ्याच्या भाषेत गावठाण. शेतावर सारा, तर घरं-दुकानांवर पांढरपट्टी. पुढे पांढरी ही नुसती जागा राहिली नाही, तिथे राहणाऱ्या माणसांनाही पांढरीच म्हणू लागले. जुन्या निवाडापत्रांत 'समस्त पांढरी' साक्षीला असते, म्हणजे अख्खं गाव.

काळी काळी का, ते उघड आहे. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली ती कापसाची जमीन. पण पांढरी पांढरी का? मातीच्या भिंती पडायच्या, त्याच जागी नव्या उभ्या राहायच्या. चुलीतली राख, शेणाचं सारवण, चुना, हाडं, भुसा, सगळं तिथल्या तिथे मुरायचं. शेकडो वर्षं हे चाललं की जमिनीचा रंग पांढुरका, राखाडी होतो आणि ती भोवतालच्या शेतांपेक्षा उंचही होते. थोडक्यात, काळी निसर्गाने दिली आणि पांढरी माणसांनी राहून राहून तयार केली.

पुरातत्त्ववाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. नदीकाठी पांढरीचं टेकाड दिसलं की ते आधी तिथे खापरं शोधतात. आमच्या प्रवरेच्या काठाने चालत गेलात तरी पुरे. संगमनेर तालुक्यात जोर्वे आहे. 1950-51 मध्ये तिथे उत्खनन झालं आणि एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला ह्या छोट्या गावाचं नाव मिळालं. श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद. इसवीसनापूर्वी साधारण 2200 ते 1000 एवढा काळ तिथे वस्ती होती. 1974 मध्ये तिथल्या एका माणसाला खणताना काशाच्या चार भरीव वस्तू सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून 60 किलोंच्या वर. खाली नेवासे. ज्ञानेश्वरी 1290 मध्ये सांगितली गेली ते गाव. तिथलं लाडमोड नावाचं टेकाड डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी 1954 ते 56 मध्ये खणलं, तर ज्ञानेश्वरांच्याही हजारो वर्षं आधीची घरं निघाली.

तर असा हा पांढरा. रिकामा तर नाहीच, उलट माणसांनी खच्चून भरलेला.

मग आपलं काय? आपण पांढरपेशे. हा शब्द 'व्हाइट कॉलर'चं भाषांतर आहे असं अनेकांना वाटतं, पण तो त्याहून जुना आहे. पेशा फारसी, पांढरा आपला. एकोणिसाव्या शतकात कोकणच्या महसुली कागदांत पांढरपेशे हा वेगळा वर्गच होता. त्यात ब्राह्मण, प्रभू वगैरे मंडळी, आणि त्यांना कुणब्यांपेक्षा सारा कमी पडायचा. म्हणजे काळीत हात न घालणाऱ्यांचा पांढरा. आपण दिवसभर एसीत बसून कीबोर्ड बडवतो, त्यामुळे हा शब्द आपल्याला फिट्ट बसतो. सोबत जुनी सवलतही येते, ती मात्र आपल्याला दिसत नाही.

आणि आता ह्या शब्दाची सगळ्यात वाईट बाजू. सून घरात आल्यावर काही विपरीत घडलं की ती 'पांढऱ्या पायाची'. नवरा गेला की 'पांढरं कपाळ'. इथे मात्र पांढरा म्हणजे खरोखर रिकामा, कुंकू पुसलेला. जी भाषा माणसांनी भरलेल्या जागेला पांढरी म्हणते, तीच एका जित्या बाईला त्याच शब्दाने वस्तीबाहेर काढते.

ह्यावर उत्तर दिलं ते एका गावाने. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव झाला म्हणून प्रथा दुसऱ्या दिवशी मरत नाही, हे मान्य. पण जुन्या भाषेत सांगायचं तर समस्त पांढरीने एकत्र बसून पांढऱ्या कपाळाचा निकाल लावला. मला हे वाचून जाम बरं वाटलं होतं.

आपल्या सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर असा ठराव मी तरी अजून पाहिलेला नाही. पार्किंगचे मात्र ढीगभर असतात. असो. येत्या संक्रांतीला बिल्डिंगमध्ये हळदीकुंकवाची यादी होईल, तेव्हा कुठल्या फ्लॅटची बेल वाजवायची राहते तेवढं फक्त बघा.