शिक्का बदलला, चांदी तीच

लोणावळ्यानजीक कार्ले लेण्यातील एका लेखानुसार, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक येथील भिक्खुसंघास करजिक ग्राम दान दिले. त्याच्याच नाशिकच्या लेखात ७०,००० कार्षापणांचे मूल्य २,००० सुवर्ण, म्हणजे एका सुवर्णास ३५ कार्षापण, असे नोंदविले आहे. विनिमयदराचा हा मोलाचा प्राचीन पुरावा होय. भरुकच्छ बंदरात रोमन नाणी स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होई, असे 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ सांगतो.

शेजारच्या सातवाहन राज्याच्या गौतमीपुत्र सातकर्णीने पुढे नहपानाचा पराभव केला. तेव्हा नहपानाची नाणी बाळगणाऱ्या व्यापाऱ्याचे काय झाले? नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक रौप्य नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा आहे. नाणी वितळविली नाहीत; जुन्या ठशावरच नवा ठसा उमटविला. चांदी तीच राहिल्याने तिचे मोलही टिकले असावे, असे अनुमान करता येते.

करजिक ग्रामाचेही तसेच झाले. मामाल, म्हणजे आजचे मावळ, येथील अमात्यास आज्ञा देऊन सातवाहनांनी ते दान संघाकडेच ठेविले. राज्य पालटले, तरी व्यवहारावरील विश्वास मोडू दिला नाही.