आणि त्या बाईनं काय खाल्लं?

बाबांना जाऊन वर्ष झालं, तेव्हा डोंबिवलीचं घर रिकामं करायचं ठरलं. भांडी, गाद्या, शिलाई मशीन, सगळ्याला कोणी ना कोणी धनी मिळाला. उरली ती पुस्तकांची तीन कपाटं. रद्दीवाल्याला बोलावलं. त्यानं एक पुस्तक उचललं, उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "पुठ्ठे फाडून ठेवा साहेब. बाइंडिंगवाल्याला भाव येत नाही."

त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याचा तो धंदाच. पण मी त्याला "नंतर या" म्हणून परत पाठवलं. त्या रात्री मला आठवला जेम्स लॅकिंग्टन. दोनशे वर्षांपूर्वीचा लंडनचा एक पुस्तकविक्रेता. त्याची गोष्ट सांगावी म्हणून आज हे लिहायला घेतलंय.

लॅकिंग्टनचा जन्म 1746 चा, इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातला. बाप चांभार आणि दारुडा, घरात अकरा भावंडं, हा सगळ्यांत थोरला. थोडंफार शाळेत गेला, पण फी परवडेना म्हणून शाळा सुटली आणि शिकलेली अक्षरंही विसरला. दहाव्या वर्षी गल्लोगल्ली पाय विकत फिरायचा. (पाय म्हणजे तिकडचा सारण भरलेला भाजलेला पदार्थ, आपले पाय नव्हेत!) चौदाव्या वर्षी टॉन्टन गावात एका जोडे करणाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि तिथं, खाऊच्या पैशांतून धडे घेत, परत वाचायला शिकला.

पुढे ब्रिस्टलला आल्यावर वाचनाचं वेडच लागलं. खोलीतले सगळे कारागीर मिळून पुस्तकं आणायचे आणि पाळीपाळीनं जागायचे. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी जोडे शिवता शिवता ऐकायचं. झोप रात्री तीनेक तास. लिहायला मात्र अजून येत नव्हतं. म्हणजे हा माणूस तत्त्वज्ञांची भाषांतरं वाचत होता तेव्हा त्याला धड पत्र लिहिता येत नव्हतं!

1770 साली त्यानं नॅन्सी नावाच्या मुलीशी लग्न केलं. लग्नाचा खर्च भागल्यावर दोघांकडे मिळून अर्धा पेनी उरला, असं तो सांगतो. 1773 च्या ऑगस्टमध्ये तो नशीब काढायला लंडनला आला, खिशात अडीच शिलिंग घेऊन. मग बायकोलाही बोलावून घेतलं.

त्याच वर्षीच्या नाताळची गोष्ट. आदल्या संध्याकाळी घरात पुन्हा अडीच शिलिंगच शिल्लक होते. नॅन्सीनं त्याला सणाचं जेवण आणायला धाडलं. वाटेत जुन्या पुस्तकांचं दुकान लागलं. एडवर्ड यंग या कवीचं 'नाइट थॉट्स' दिसलं आणि सगळे पैसे तिथं देऊन गडी पुस्तक घेऊन घरी आला! बायकोला त्यानं समजावलं, की जेवण उद्या खाऊन संपलं असतं, हे पुस्तक मात्र आपल्याला पन्नास वर्षं पुरेल.

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं मित्रांना रंगवून सांगत आलोय. परवा कपाटांसमोर बसून आईला सांगितली. तिनं शांतपणे ऐकली आणि विचारलं, "आणि त्या बाईनं काय खाल्लं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. लॅकिंग्टनचं आत्मचरित्र 1791 साली निघालं. या साऱ्या गोष्टी त्याच्याच तोंडच्या आहेत आणि गडी जरा बढाईखोरच होता. नॅन्सीची बाजू मात्र कुणीच लिहून ठेवलेली नाही. 1775 साली दोघांनाही ताप आला. तो वाचला, ती गेली. पन्नास वर्षं दूरच, पुरती दोन वर्षंही तिला त्या पुस्तकाची मेजवानी मिळाली नाही. पुढे त्यानं दुसरं लग्न केलं. ही बायको स्वतःच पुस्तकवेडी होती, दुकानात उभी राहायची.

दुकान सुरू झालं 1774 च्या जूनमध्ये, फेदरस्टोन स्ट्रीटवर. अर्ध्या भागात जोडे, अर्ध्या भागात पुस्तकं. सगळा माल मिळून पाचेक पौंडांचा. (त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये इकडे पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले होते. पुण्यात तेव्हा पोथ्या हातानं उतरवून घ्यायचे. देवनागरीतल्या मराठी छपाईला आणखी तीस वर्षं होती.) लवकरच जोडे गेले आणि नुसती पुस्तकं राहिली. 1779 च्या पहिल्या यादीत बारा हजार पुस्तकं होती.

आता खरी गंमत. 1780 मध्ये त्यानं उधारी बंद केली. त्या काळी बडे लोक सहा सहा महिने, दोन दोन वर्षं बिलं थकवायचे. ते बुडीत पैसे, व्याज आणि खेपा गृहीत धरूनच दुकानदार किंमत लावायचे. म्हणजे उमरावाच्या उधारीचा भार रोख देणाऱ्या गरिबावर! लॅकिंग्टननं सांगितलं, पैसे टाका, पुस्तक न्या. प्रत्येक पुस्तकात किंमत लिहिलेली, घासाघीस नाही. लोक हसले, गिऱ्हाइकं रागावली, काही तुटलीही. पण भाव उतरला आणि विक्री वाढली.

दुसरी गोष्ट याहून मोठी. न खपलेल्या पुस्तकांचे प्रकाशक लिलाव करायचे. ते फक्त धंद्यातल्या लोकांसाठी. तिथं घेतलेल्या गठ्ठ्यातल्या अर्ध्या किंवा पाऊण प्रती नष्ट करायच्या आणि उरलेल्या पूर्ण किमतीला विकायच्या, अशी रीत होती. माल दुर्मिळ केला की भाव टिकतो. लॅकिंग्टननंही सुरुवातीला ती पाळली, पण मग त्याला वाटलं, की पूर्ण किंमत न परवडणारी माणसंही आहेतच की! त्यानं सगळ्याच प्रती ठेवल्या आणि अर्ध्या, पाव किमतीला विकल्या. बाकीचे विक्रेते चिडले, त्याला लिलावातून बाहेर ठेवायचे प्रयत्न झाले. पण 1791 पर्यंत तो वर्षाला लाखावर पुस्तकं विकत होता, असं तोच लिहितो.

मग फिन्सबरी स्क्वेअरला त्यानं 'टेम्पल ऑफ द म्यूझेस' उभारलं. वर घुमट, आत गोल काउंटर. तो इतका मोठा, की उद्घाटनाला त्याच्याभोवती चार घोड्यांची गाडी फिरवली म्हणे. वरच्या मजल्यांवर गोल सज्जे. जितकं वर चढाल तितकी पुस्तकं फाटकी आणि स्वस्त. खिशात कमी असेल त्यानं पाय दुखवायचे, पण रिकाम्या हातानं उतरायचं नाही. मला ही रचना फार आवडते. टेलर आणि हेसी हे पुढे कीट्सचे प्रकाशक झालेले दोघे इथंच कामाला होते. 'फ्रँकेन्स्टाइन' 1818 साली छापलं तेही याच पेढीनं. लॅकिंग्टन त्याआधीच, 1798 मध्ये निवृत्त झाला होता आणि 1815 मध्ये वारला. ती इमारत 1841 साली जळाली.

आपल्याकडे टी. एन. शानभागांनी 1948 साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात छोटंसं दुकान थाटलं आणि सवलतीच्या भावात इंग्रजी पुस्तकं विकली, तेव्हा नातं हेच होतं. पुढे फोर्टात गेलेलं ते स्ट्रँड 2018 साली बंद झालं. बाबांची निम्मी इंग्रजी पुस्तकं तिथली. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं तारीख आणि किंमत. कारकुनाच्या पगारातून घेतलेलं पुस्तक, हिशेब ठेवायलाच हवा!

ते आकडे आई बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "हा बघ, हा महिना मला आठवतोय." पुढे काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

मी म्हटलं, वाटून टाकू. तर म्हणाली, "फुकट नको देऊस. फुकट नेलेलं कोणी वाचत नाही. दहा रुपये लाव." रविवारी सोसायटीच्या गेटपाशी दोन टेबलं मांडली. पैसे घ्यायला आई बसली. रोख, उधारी नाही! शाळकरी पोरं आली, वॉचमननं शब्दकोश नेला, समोरच्या आजींनी प्रवासवर्णनं. दुपारपर्यंत एकशे बारा पुस्तकं गेली. बरीचशी उरलेली वाचनालयानं घेतली. वाळवी लागलेली मात्र रद्दीवाल्याकडेच गेली, खोटं कशाला सांगू.

एक हजार एकशे वीस रुपये जमले. त्याचं काय करायचं, असं मी आईला विचारलं.

"आज बाहेर जेवू," ती म्हणाली.