घंगाळातला पंप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या लहानपणी रत्नागिरीच्या घरांतून न्हाणीघरात तांब्याचा बंब असे आणि त्याच्या शेजारी घंगाळ. घंगाळात बसून पाणी उडवणे हा आमचा खेळ आणि हातातला तांब्या हेच आमचे खेळणे. आता घंगाळाच्या जागी प्लास्टिकचा टब आला आहे. माझ्या चार वर्षांच्या नातीला तिच्या मामाने टबात खेळायला एक छोटा पंप आणून दिला. टबाच्या कडेला तो चिकटतो. वरची मूठ खालीवर केली की टबातले पाणी नळीतून चढते, एका चाकावर पडते, चाक फिरते आणि पाणी पुन्हा टबात येते.

पहिल्या दिवशी तिने मूठ दोनदा दाबली. नुसती हवा फुसफुसली. तिसऱ्यांदा पाणी आले. ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "आजोबा, पाणी वर गेलं. मग मूठ वर घेतल्यावर ते परत खाली का नाही गेलं?"

श्रोतेहो, या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी माणसाला फार मोठा काळ थांबावे लागले आहे. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

पाण्याशी खेळण्याचे आपल्याकडचे सर्वांत जुने साधन म्हणजे पिचकारी. शिमगा जवळ आला की कोकणातली मुले बांबूचे एक कांडे कापून घेत. एका बाजूचे पेर तसेच ठेवून त्याला बारीक भोक पाडायचे. दुसऱ्या बाजूने काठी घालायची आणि काठीच्या टोकाला चिंधी गच्च गुंडाळायची. झाला दट्ट्या! चिंधी सैल झाली तर पाणी मागून गळते, फार घट्ट झाली तर काठी हलत नाही. हे गणित कोणी शिकवत नसे, ते हातालाच कळे. हा खेळ आजकालचा नव्हे. सातव्या शतकात सम्राट हर्षाने लिहिलेल्या 'रत्नावली' नाटकाच्या पहिल्या अंकात वसंतोत्सवाचे वर्णन आहे आणि त्यात नगरजन शृंगकांनी एकमेकांवर पाणी उडवताना दिसतात. शृंग म्हणजे शिंग. शृंगक ही त्या काळातली पिचकारीच.

दुसरे साधन वैद्यांचे. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत बस्तीचे वर्णन आहे. जनावराच्या मूत्राशयाची पिशवी आणि तिला बांधलेली धातूची नळी, जिला ते 'नेत्र' म्हणतात. पिशवी दाबली की औषध नळीतून बाहेर येते. बाजारात मिळणारे रबरी बदक आठवा. पोट दाबले की पाणी उडते आणि सोडले की पाणी आत शिरते. म्हणजे बदक हे बस्तीचेच भावंड.

पण पिचकारी काय आणि बदक काय, दोन्हींत एक उणीव आहे. पाणी ज्या भोकातून आत येते त्याच भोकातून बाहेर जाते. त्यामुळे पाणी उडवता येते, चढवता येत नाही. एकदा भरा, एकदा उडवा, पुन्हा पाण्यात बुडवा. पाणी सलग वर चढवायचे असेल तर त्याला वाट दाखवणारा एक दरवान हवा. येणाऱ्याला आत घ्यायचे आणि परत फिरणाऱ्याला अडवायचे, एवढेच त्याचे काम. या दरवानाला आपण झडप म्हणतो.

पंपात दट्ट्या आणि झडप एकत्र आणण्याचे श्रेय अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसला देतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला हा माणूस. तो न्हाव्याचा मुलगा होता, असे रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियस सांगतो. त्याच्या पंपाचे वर्णनही विट्रुव्हियसने केले आहे. दोन नळकांडी, दोन दट्टे आणि झडपा. एक दट्ट्या खाली जातो तेव्हा दुसरा वर येतो, म्हणून धार तुटत नाही. अशा धर्तीचा रोमन काळातला काशाचा एक पंप स्पेनमधल्या एका खाणीत सापडला आणि तो आज माद्रिदच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. पुढे 1206 साली अल जझारी या यंत्रकाराने आपल्या ग्रंथात दोन नळकांड्यांचा पंप सांगितला, तोही खालून पाणी ओढून घेणाऱ्या नळ्यांसह.

हे पाणी 'ओढणे' म्हणजे नेमके काय, हे मात्र आणखी चारशे वर्षे कोणाला उमगले नव्हते. पंप कितीही चांगला असला तरी सुमारे दहा मीटरच्या वर पाणी ओढत नाही, हा कारागिरांचा अनुभव गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात नोंदवला. त्याचे कारण 1640 च्या दशकात टॉरिचेलीने दाखवले. दट्ट्या पाणी ओढत नाही. तो फक्त जागा मोकळी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला त्या जागेत ढकलतो. हवेची ढकलण्याची ताकद दहा मीटरला संपते. नातीच्या पंपातून आधी हवा फुसफुसली आणि मग पाणी आले, त्याचेही कारण हेच. नळीतली हवा बाहेर गेल्याशिवाय पाण्याला जागा होत नाही.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. आपल्या पूर्वजांनी पंपाशिवायच नारळी-पोफळीच्या बागा उभ्या केल्या. गुहागर, मुरूड, केळशी ही सारी आगरे रहाटाच्या पाण्यावर वाढली. बैल गोल फिरतो, दात्यांची चाके फिरतात आणि दोराच्या माळेला बांधलेले मातीचे लोटे भरून वर येतात. वर आले की पन्हळीत रिकामे होतात आणि उपडे होऊन खाली जातात. जिथे बैल नसे तिथे पायरहाट असे, माणूसच पायांनी चाक फिरवी. उथळ विहिरीवर ओकती किंवा लाट असे, म्हणजे एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला भांडे. यात झडप नाही, हवेचा दाब नाही. पण एक गोष्ट होती. पाणी कसे वर येते ते उघड्यावर दिसे. रहाटाजवळ उभे राहिलेल्या पोराला लोटा भरताना दिसे, सांडताना दिसे, आणि एक लोटा फुटला की धार किती कमी होते तेही दिसे.

विजेचा पंप आला आणि रहाट एकेक करून थांबले. बैलाचे आणि माणसाचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. आज कोणी पायरहाट पुन्हा चालवा म्हणाले तर मी हात जोडीन. पण पाण्याचे येणे मात्र डोळ्यांआड गेले. पंप विहिरीच्या तळाशी, बटण घरात. मुलाच्या लेखी पाणी नळातून येते, आणि नळात कुठून येते हा प्रश्न त्याला पडत नाही.

दट्ट्याच्या पंपाचा आपल्या महाराष्ट्राशी फार जवळचा संबंध आहे. बीडाचे जुने हातपंप एका घरापुरते ठीक होते. सारे गाव त्यावर लोटले की ते मोडत. मराठवाड्यात जालन्याला आणि पुढे सोलापूरला पोलादी, मजबूत हातपंप बनवण्याचे प्रयत्न झाले. 1972 च्या दुष्काळाने गरज आणखी तीव्र केली. सोलापूर पंपाच्या धर्तीवर, युनिसेफच्या साहाय्याने, 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप तयार झाला आणि आफ्रिकेपर्यंत पोचला. त्याची युक्ती अशी की, नळकांडे वर न ठेवता खोल बोअरच्या पाण्यातच सोडलेले असते. मग दहा मीटरची मर्यादा आड येत नाही, कारण पाणी ओढायचे नसून उचलायचे असते. दट्ट्याला पूर्वी चामड्याचे वॉशर असे. आमच्या पिचकारीच्या चिंधीचाच तो थोरला भाऊ.

हीच झडप मुलांच्या हाती देण्याचे काम अरविंद गुप्ता यांनी केले. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून असंख्य खेळणी घडवली. फोटोच्या रिळाच्या डब्या, सायकलची तार आणि ट्यूबचा तुकडा एवढ्यातून होणारा हातपंप हे त्यांतलेच एक. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. रिळाच्या डब्या आता दिसत नाहीत, पण ट्यूबच्या तुकड्याची झडप आजही तितकीच चांगली चालते.

एक सावधगिरीही सांगायला हवी. न्हाणीघरातल्या बंद खेळण्यांत पाणी साचून राहते. स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 2018 साली वापरातली अशी खेळणी कापून पाहिली. पाचांतल्या चार खेळण्यांतून गढूळ पाणी निघाले आणि निम्म्याहून अधिक खेळण्यांत बुरशी सापडली. आपल्या दमट हवेत तर हे अधिकच जपायला हवे. म्हणून उघडून धुता येईल असेच खेळणे घ्यावे आणि आंघोळीनंतर पाणी काढून उन्हात वाळवावे. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, तेही पाहून घ्यावे. आणि खेळणे उघडले की आतली झडप मुलाला दिसते, हा वरचा लाभ.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला असेच पंप उघडून दिले. आत एक इवलीशी गोळी होती. पाणी आले की ती उचलली जाते, पाणी परतू लागले की भोकावर बसते. "म्हणजे ही दार लावते," ती म्हणाली.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणारा हा आपला जिल्हा. तरीही ते पाणी जांभ्यातून झिरपून समुद्राला मिळते आणि मे महिन्यात वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. गेल्या मे महिन्यात आम्ही एका वाडीत गेलो होतो. वाटेवर हातपंप होता. नातीने दांडा धरला, लोंबकळून दहा-बारा वेळा हापसला. पाणी येईना. तिथे हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "आणखी मार गो, येईल." आणि खरोखर आले.

नात माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, याची गोळी दार नीट लावत नाही."

तिचे निदान बरोबर होते. खालची झडप गळत असली की नळीत चढलेले पाणी हळूहळू उतरून जाते आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून हापसावे लागते. त्या बाई रोज तसेच हापसत होत्या. प्रश्न एका वॉशरचा होता, आणि तो घंगाळात खेळणाऱ्या मुलीला कळला होता.